दाराची कडी कोणाच्या हातात?

कल्याणहून रात्रीच्या गाडीने नागपूरला, सोलापूरला किंवा कोल्हापूरला जाण्यासाठी थ्री टायरचे आरक्षण केले की तिकिटावर सगळे काही छापून येते: डबा बी-2, बर्थ 33, लोअर. त्याच गाडीच्या फर्स्ट एसीचे तिकीट काढले, तर पैसे जवळजवळ अडीचपट जातात आणि तिकिटावर फक्त ‘कन्फर्म’ एवढेच येते. खोली कोणती, बर्थ खालचा की वरचा, सोबत कोण, हे सगळे चार्ट तयार होताना ठरते. या डब्यात दोन प्रकारच्या खोल्या असतात. चार बर्थची ती केबिन आणि वर-खाली दोन बर्थचा तो कूपे. दोन्हींना सरकते दार आहे आणि आतून कडी आहे. नवराबायकोने दोन तिकिटे काढली तर बहुधा कूपे मिळतो, पण तो मिळेलच असे नाही. दोन अनोळखी माणसांसोबत चारच्या केबिनमध्येही रात्र काढावी लागू शकते. एकट्या प्रवाशाला तर कूपेतल्या वरच्या बर्थवर कोण येणार, हे मोबाइलवरचा चार्ट बघेपर्यंत कळत नाही. या प्रकरणाचे म्हणणे एवढेच आहे की आपली रेल्वे बर्थ विकते, खोली विकत नाही. आणि रात्रीच्या प्रवासातला खासगीपणा, ज्यासाठी माणूस हे जादा पैसे मोजतो, तो बर्थमध्ये नसून खोलीत असतो. दाराआड कोण असेल हे ठरवण्याचा अधिकार मिळत नसेल, तर ते दार काही वेळा उलटच काम करते.

हे उलटे काम कसे होते ते समजायला थोडे मागे जावे लागेल. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी 34 किलोमीटरवरच्या ठाण्याला पोहोचली आणि 1 मे 1854 रोजी वाहतूक कल्याणपर्यंत सुरू झाली. एवढ्याशा अंतरात झोपण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे भोर घाट 1863 मध्ये आणि थळ घाट 1865 मध्ये खुला झाला, 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि कल्याण हे रात्रीच्या प्रवासाचे नाके बनले. एक फाटा कसाऱ्याकडून नाशिक-भुसावळला, दुसरा कर्जतवरून पुणे-सोलापूरला. त्या काळच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा बोळ नसे. प्रत्येक खोलीचे दार थेट फलाटावर उघडत असे आणि खोलीला स्वतःचे न्हाणीघर असे. गाडी सुटली की पुढचे स्टेशन येईपर्यंत आतला माणूस बाहेर जाऊ शकत नव्हता आणि बाहेरचा आत येऊ शकत नव्हता. साहेबाचे अख्खे कुटुंब एका खोलीत असे, नोकरमाणसे शेजारच्या वेगळ्या कप्प्यात. खोली एकाच घरच्या लोकांची असेल तोवर ही रचना उत्तम होती.

खोली एकाच घरची नसेल तेव्हा काय होते, हे युरोपने आधी पाहिले. 1860 मध्ये फ्रान्समध्ये प्वांसो नावाच्या न्यायाधीशाचा बंद डब्यात खून झाला. 9 जुलै 1864 रोजी लंडनच्या नॉर्थ लंडन रेल्वेवर टॉमस ब्रिग्ज या बँकेतल्या वयस्क अधिकाऱ्याला पहिल्या वर्गाच्या बंद खोलीत मारहाण करून रुळांवर फेकले गेले. ब्रिटनमधल्या रेल्वेतला हा पहिला खून मानतात. फ्रान्झ म्युलर या जर्मन शिंप्याला त्यासाठी फाशी झाली. खुनापेक्षाही लोकांना हादरवले ते दुसऱ्याच गोष्टीने. शेजारच्या खोलीत माणसे होती, गाडी स्टेशनांवर थांबत होती, तरी आत काय चालले आहे हे कळायला कुठलाच मार्ग नव्हता. त्यानंतर काही रेल्वे कंपन्यांनी दोन खोल्यांमधल्या भिंतीला गोल काच बसवून पाहिली. 1868 च्या कायद्याने, न थांबता 20 मैलांहून अधिक धावणाऱ्या गाड्यांत प्रवाशांना गार्ड किंवा ड्रायव्हरला इशारा देता येईल अशी सोय सक्तीची केली. आज आपल्या प्रत्येक डब्यात असलेली धोक्याची साखळी याच विचारातून आली. पुढे डब्यांत बोळ आले, बोळातून फिरणारा तपासनीस आला, आणि बंद खोली पुन्हा लोकांच्या नजरेच्या टप्प्यात आली.

आजच्या फर्स्ट एसीत बोळ आहे, घंटी आहे, अटेंडंट आहे, टीटीई आहे. दीडशे वर्षांपूर्वीची असहायता नाही. पण दाराला कडी लागली की खोलीतला माणूस आणि बोळ यांच्यामध्ये ती कडी असते, आणि ती खोलीतल्या कोणालाही लावता येते. थ्री टायरच्या एका खणात समोरासमोर सहा आणि बाजूचे दोन असे आठ बर्थ असतात. तिथे एकटीने प्रवास करणाऱ्या बाईला कपडे नीट करायलाही आडोसा नसतो, पण कोणी आगळीक केली तर सात जणांचे डोळे आणि येता-जाता पन्नास जणांची वर्दळ असते. गैरसोय आणि संरक्षण दोन्ही एकाच उघडेपणातून येतात. चार बर्थच्या बंद केबिनमध्ये तिच्या वाट्याला तीन अनोळखी पुरुष आले, तर ती उघड्या डब्यातले संरक्षण गमावते आणि बंद खोलीचा खासगीपणाही तिला मिळत नाही. टीटीईला सांगितले तर तो बहुतेक वेळा अदलाबदल करून देतो. पण ती त्याची माणुसकी झाली. तिकिटासोबत मिळालेला हक्क नव्हे. सर्वांत महाग वर्गात बाईमाणसाला विनंतीवर अवलंबून राहावे लागते, ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी खोट आहे, आणि तिच्याबद्दल फारसे बोललेही जात नाही.

रेल्वेला अख्खी खोली देता येत नाही असे मात्र नाही. पाळीव कुत्रा सोबत न्यायचा असेल तर रेल्वेचा नियम स्पष्ट आहे: फर्स्ट एसीतला पूर्ण कूपे किंवा पूर्ण केबिन त्या प्रवाशाच्या नावे आरक्षित हवी. कारण सरळ आहे, दुसऱ्या प्रवाशाला त्रास नको. म्हणजे एका खोलीत एकाच घरचे लोक असावेत हे तत्त्व नियमावलीत आधीच बसलेले आहे. दुसऱ्या टोकाला, लग्नाच्या वऱ्हाडासाठी किंवा यात्रेसाठी अख्खा डबा, इतकेच काय अख्खी गाडी, पूर्ण भाडे आणि अनामत भरून आयआरसीटीसीमार्फत घेता येते. डबा मिळतो, गाडी मिळते, कुत्र्यासाठी खोली मिळते. पण दोन बर्थचे पैसे मोजायला तयार असलेल्या एकट्या माणसाला नेहमीच्या ऑनलाइन आरक्षणात अख्खा कूपे आपल्या नावे पक्का करता येत नाही. अडचण नियम आणि सॉफ्टवेअरमध्ये आहे. डब्याच्या बांधणीत नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीकरांना ही अनिश्चितता जास्त जाणवते, कारण त्यांची गाडी इथून सुटत नाही, इथून जाते. कोकणकन्येसारखी कोकणात जाणारी गाडी ठाण्यानंतर दिव्याहून पनवेलकडे वळते, त्यामुळे सावंतवाडीला निघालेल्या कल्याणकराला सामानासह उलटे ठाण्याला यावे लागते. नागपूर, सोलापूर, कोल्हापूरच्या गाड्या कल्याणला थांबतात. लाखोंच्या वस्तीच्या डोंबिवलीला मेल-एक्सप्रेस जवळजवळ थांबतच नाहीत. तिथल्या माणसाचा रात्रीचा प्रवास लोकलने किंवा रिक्षाने कल्याण गाठण्यापासून सुरू होतो. सीएसएमटीला चढणाऱ्याला गाडी फलाटावर उभी मिळते. चार्ट बघून, गरज पडली तर सुटण्याआधीच टीटीईशी बोलून अदलाबदल करून घ्यायला त्याला वेळ असतो. कल्याणचा प्रवासी काही मिनिटांच्या थांब्यात इंडिकेटरवर डबा शोधतो आणि चढतो तेव्हा केबिनमधल्या आधीच्या मंडळींनी खालच्या बर्थवर चादरी अंथरलेल्या असतात, दिवा मालवलेला असतो, दार आतून बंद असते. त्याला आपल्याच खोलीचे दार ठोठावावे लागते. सत्तरीच्या जोडप्याला वरचे दोन बर्थ आले असतील, तर झोपलेल्यांना उठवून खालची जागा मागायची हे बोलणेही त्यांच्यावरच येते.

त्यातून इथली रात्र तशी आखूडच असते. कर्जतला किंवा कसाऱ्याला गाडी थांबते, मागे बँकर इंजिने जोडली जातात, 37 मीटरला एक मीटर अशा चढावर मागून रेटा मिळतो. गाढ झोपलेल्यालाही इंजिन जोडल्याचा धक्का कळतो. सीएसएमटी-निजामुद्दीन राजधानीसारख्या गाडीला पुढे-मागे इंजिने लावून हा थांबा टाळला गेला, पण सगळ्या गाड्यांना ते भाग्य नाही. कोल्हापूरच्या प्रवाशाला पुणे मध्यरात्रीच्या आसपास लागते आणि तिथे चढणाऱ्यांची वर्दळ होते. कल्याण ते कोल्हापूर या प्रवासात सलग झोपेचे पाच-सहा तास मिळाले तरी पुष्कळ. एवढ्या थोड्या झोपेत दार दोनदा उघडले आणि दिवा दोनदा लागला, तर फर्स्ट एसी आणि टू टायर यांत फरक उरतो तो गादीच्या जाडीचा.

यावर पहिला आक्षेप असा की ही श्रीमंतांची तक्रार आहे. फर्स्ट एसीचे भाडे स्लीपरच्या पाच-सहा पट. ज्यांना परवडते त्यांनी थोडे सोसावे. या आक्षेपामागे मोठी परंपरा आहे आणि तिचा आदर राखायलाच हवा. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या हालांवर गांधीजींनी 1917 मध्ये पुस्तिका लिहिली होती, आणि तिसरा वर्ग रद्द व्हायला 1974 उजाडले. पण आज फर्स्ट एसीत कोण जाते, हेही पाहिले पाहिजे. रेल्वे स्वतः कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला फर्स्ट एसीत निम्म्या भाड्याची सवलत देते. थ्री टायर आणि स्लीपरमध्ये रुग्णाला पूर्ण सूट आहे. विदर्भातून परळच्या टाटा रुग्णालयात केमोथेरपीसाठी येणारे आणि उपचार काळात ठाणे-कल्याणच्या नातेवाइकांकडे राहणारे रुग्ण या मार्गावर कायम असतात. केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसाला खोकणाऱ्या सहप्रवाशापासून दूर ठेवणे ही वैद्यकीय गरज असते. गुडघे बदललेली आजी, अंगावर पिणाऱ्या बाळाची आई, रात्री दर दोन तासांनी उठावे लागणारे वडील, यांना बंद खोली लागते ती शरीरासाठी. यांतली कित्येक घरे एरवी थ्री टायरनेच जातात आणि एखाद्या वेळी ऐपतीबाहेर खर्च करून हे तिकीट काढतात. खोलीच्या बाबतीत सर्वांत निरुपाय यांचाच होतो. ज्यांची ओळखपाळख असते ते मुख्यालय कोट्यातून कूपे मिळवतात. चार्ट शेवटी लावण्यामागे दोघांना कूपे, चौघांना केबिन अशी जुळणी करण्याचा रास्त हेतू जसा आहे, तशी महत्त्वाच्या व्यक्तींसाठी जागा मोकळी ठेवण्याची सोयही आहे. आधी पैसे मोजणाऱ्याला आधी खोली, हा नियम केला तर त्याचा फायदा ओळख नसलेल्यालाच होईल.

दुसरा आक्षेप जागेचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. एलएचबी प्रकारच्या पूर्ण फर्स्ट एसी डब्यात 24 बर्थ असतात, थ्री टायरच्या तेवढ्याच लांबीच्या डब्यात 72 आणि स्लीपरमध्ये 80. फर्स्ट एसीचे भाडे थ्री टायरच्या साधारण अडीचपट धरले, तर तीनपट जागा अडवणारा प्रवासी तीनपट पैसे देत नाही. डबा पूर्ण भरला तरी थ्री टायरपेक्षा कमी कमावतो. म्हणजे श्रीमंताच्या खोलीचा भार थ्री टायरचा प्रवासी उचलतो, असा हिशेब मांडता येतो आणि तो चुकीचा नाही. म्हणूनच फर्स्ट एसीचे डबे वाढवा, असे इथे सुचवलेले नाही. अनेक गाड्यांत अर्धा फर्स्ट एसी आणि अर्धा टू टायर असा मिश्र डबा असतो, तो पुरेसा आहे. नव्या वंदे भारत स्लीपरच्या 16 डब्यांत 823 बर्थ आहेत, त्यांत फर्स्ट एसीचे 24. हे प्रमाण योग्यच म्हणावे लागेल. उलट खोली म्हणून विकल्याने या हिशेबातली तूट भरून काढायला वाव मिळतो. कूपेची हमी हवी असेल तर दोन पूर्ण भाडी आणि वर हमीची रक्कम. ज्याला हमी नको त्याने आजच्याच भाड्यात आजच्यासारखेच जावे. एकट्याने दोन बर्थ अडवले म्हणून रेल्वेचे नुकसान होत नाही, आणि चार्ट लागेपर्यंत विकल्या न गेलेल्या खोल्या नेहमीच्या पद्धतीने वाटता येतात. एक बर्थ रिकामा जाईल आणि वेटिंगवरचा माणूस राहील, ही हरकत खरी आहे. म्हणून अशा विक्रीला गाडीमागे एखाद-दुसऱ्या कूपेची मर्यादा घालावी आणि रुग्णांना त्यात पहिला हक्क द्यावा.

तिसरा आक्षेप या भागातल्या प्रत्येकाच्या मनात येईल. ज्या मार्गावर माणसे लोकलच्या दारात लटकून जातात, जिथे 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर धावत्या लोकलमधून पडून प्रवासी दगावले, तिथे कूपेच्या कडीची चर्चा करणे शोभते का? मुंब्र्याचे दुःख आधीचे आहे, मोठे आहे, आणि निधी व रूळ यांची निवड करायची वेळ आली तर लोकललाच झुकते माप मिळायला हवे. पण इथे तशी निवड करावी लागत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलची जागा अडवतात ती रुळांवर. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाल्यावर तो गुंता काहीसा सुटला, आणि 1916 सालच्या पारसिक बोगद्यातून आता प्रामुख्याने मेल गाड्या जातात. कल्याणपुढे कसारा आणि कर्जत या दोन्ही बाजूंना मात्र मेल आणि लोकल आजही त्याच रुळांवरून धावतात. गाडीतल्या दोन बर्थची विक्री कशी होते, याने त्या रुळांवरचा ताण एका मिनिटानेही कमी-जास्त होत नाही.

चौथा आक्षेप व्यवहारी माणसाचा: एवढी कटकट कशाला, घोडबंदर रोडवरून किंवा कल्याणच्या दुर्गाडीजवळून स्लीपर बस मिळते, बर्थ निवडता येतो. बसच्या आरक्षणात रेल्वेने शिकण्यासारखी एक गोष्ट नक्की आहे. बसचा नकाशा पडद्यावर दिसतो, एकट्याचा बर्थ कोणता आणि दोघांचा कोणता ते कळते, आणि बाईने घेतलेल्या बर्थशेजारची जागा बहुतेक ठिकाणी फक्त बाईलाच मिळते. रेल्वेला जे जमलेले नाही ते एका साध्या रंगीत चौकोनाने साधले आहे. पण रात्रीच्या सुरक्षिततेच्या बाबतीत बस रेल्वेची बरोबरी करू शकत नाही. 1 जुलै 2023 च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 माणसे आत होरपळून गेली. त्याआधी ऑक्टोबर 2022 मध्ये नाशिकला पहाटे असाच प्रकार घडून 12 जण दगावले होते. अरुंद वाट, मोजके बाहेर पडायचे मार्ग आणि रात्रभर जागणारा चालक, हे बसमध्ये टाळता येत नाही. शिवाय बसमध्ये स्वच्छतागृह क्वचितच असते, आणि ज्यांना बंद खोलीची सर्वांत जास्त गरज असते त्यांच्यासाठी तेवढे एकच कारण पुरते.

जगात रात्रीच्या गाड्या पुन्हा उभ्या राहत आहेत त्या याच प्रश्नाचे उत्तर शोधत. जपानमध्ये 1998 पासून धावणाऱ्या सनराइज गाड्यांत एका माणसाची खोली एका माणसालाच मिळते. त्याच गाडीत अंथरुणापुरत्या गालिच्याच्या स्वस्त जागाही आहेत, म्हणजे खासगीपणा विकण्यासाठी गरिबाची जागा काढून घ्यावी लागलेली नाही. ऑस्ट्रियाच्या नाइटजेटने डिसेंबर 2023 मध्ये नव्या गाड्या आणल्या. त्यांतल्या सामाईक झोपायच्या डब्यात एकेकट्यासाठी दार असलेले छोटे कप्पे आहेत. उठून बसता येईल एवढीच उंची, पण कडी आतल्या माणसाच्या हातात. थ्री टायरइतकी दाटी ठेवून असे कप्पे बसवता येतील का, हे आपल्या डबे बांधणाऱ्या कारखान्यांनी तपासून पाहण्यासारखे आहे. आपल्या रुंद गेजचा डबा युरोपातल्या डब्यापेक्षा रुंद असतो, ही त्यात अनुकूल बाब.

नवे डबे येतील तेव्हा येतील. आजच्या डब्यांत करता येण्याजोगे बरेच काही आहे आणि त्याला लोखंड लागत नाही. आरक्षण करतानाच कूपे की केबिन, हे पक्के करता यावे आणि ठरलेली खोली चार्टच्या वेळी बदलता येऊ नये. एकट्या बाईने तिकीट काढले की तिच्या केबिनमधले उरलेले बर्थ आधी बायकांना आणि कुटुंबांना दाखवले जावेत. ते न भरल्यास तिला फोनवर विचारून, भाड्यातला फरक परत देऊन, टू टायरमध्ये जागा देण्याची तयारी हवी. साठीपुढच्या प्रवाशाचा खालचा बर्थ तो ठाण्याला चढो की कल्याणला, चार्टवरच पक्का व्हावा, म्हणजे रात्री दार ठोठावून भांडायची वेळ त्याच्यावर येणार नाही. यातली पहिली सुधारणा सोपी दिसते, पण मुख्यालय कोट्यातल्या कूपेवर तिचा घाव बसणार असल्याने बहुधा तीच सर्वांत उशिरा होईल. दुसरीला मात्र कोणाचाच विरोध असण्याचे कारण नाही. बर्थ वाटणारे सॉफ्टवेअर प्रवाशाचे वय आणि लिंग आजही नोंदवून घेते. केबिन लावताना ती नोंद वापरायची, एवढाच बदल त्यासाठी करावा लागेल.